जोडण्यांची आवक-जावक वही

एखाद्या मोठ्या कचेरीचा पत्ता एकच असतो, परंतु आत काम करणारे लेखनिक पुष्कळ असतात. बाहेरून आलेले पत्र प्रथम आवक-जावक कारकुनाच्या मेजावर येते. तो त्यावर क्रमांक घालतो, ते कोणाकडे दिले याची वहीत नोंद करतो आणि मग पत्र आत पाठवतो. पत्र लिहिणाऱ्यास त्या लेखनिकाचे नाव कधीच कळत नाही. उत्तर येते ते कचेरीच्या शिक्क्याने. त्याच गृहस्थाचे दुसरे पत्र आले की कारकून वही उघडतो आणि ते पत्र पूर्वीच्याच लेखनिकाकडे देतो, कारण प्रकरणाचे कागद त्याच्यापाशी असतात. दुसऱ्या कोणाच्या हाती ते पडले, तर त्याला त्यातून काहीच अर्थबोध होणार नाही.

संगणकांच्या जाळ्यावर ज्या सेवांकडे लक्षावधी लोक एकाच वेळी धाव घेतात, त्यांपैकी बहुतेकींच्या दारात असाच एक कारकून बसलेला असतो. परीक्षेचा निकाल जाहीर होण्याची वेळ आली की असंख्य विद्यार्थी एकाच पत्त्यावर चौकशी करू लागतात. ते सारे काम एका यंत्राच्या आवाक्यातले नसते. म्हणून पत्ता एकच ठेवून त्यामागे दहा, वीस किंवा शंभर यंत्रे उभी करतात. या यंत्रांना सर्व्हर म्हणतात. आलेले काम त्यांच्यात वाटून देणाऱ्या यंत्रास आपण या पुस्तिकेत ‘वाटपयंत्र’ म्हणू. ते वाटप कसे करते, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. एकदा केलेले वाटप ते लक्षात कसे ठेवते आणि विसरले तर काय होते, हा खरा प्रश्न होय.

प्रथम पत्राच्या स्वरूपाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जाळ्यावरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो. प्रत्येक तुकड्यास पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या मस्तकी पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि वाचण्याच्या सोयीसाठी तो चार आकड्यांत लिहितात. पत्त्याबरोबर दोन्ही बाजूंचा पोर्ट क्रमांकही असतो. तो ० ते ६५,५३५ यांपैकी कोणताही असू शकतो. घराचा पत्ता एक आणि खोली क्रमांक निराळा, तसाच हा प्रकार आहे. दोन पत्ते, दोन पोर्ट आणि कोणत्या नियमावलीने संभाषण चालले आहे तिचे नाव, अशा पाच गोष्टी मिळून एका संभाषणाची ओळख पटते. या संभाषणास आपण ‘जोडणी’ म्हणू. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या टीसीपी या नियमावलीत जोडणीचा आरंभ तीन पॅकेटांनी होतो. पहिले विनंतीचे, दुसरे संमतीचे, तिसरे पोचेचे.

जोडण्यांची वही ठेवण्याचे काम संगणकाच्या अगदी आतल्या भागात चालते. या भागास इंग्रजीतून कर्नेल असे नाव आले आहे. मूळ शब्दाचा अर्थ कवचाच्या आतील गर असा आहे. (देवनागरीत तो लिहिताना सैन्यातील कर्नल डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याचा येथे काही संबंध नाही.) आम्ही ‘गाभा’ हा शब्द पसंत केला आहे. वापरकर्त्याचे कार्यक्रम गाभ्याच्या बाहेर चालतात. पॅकेट आत येते तेव्हा ते प्रथम गाभ्याच्याच हाती पडते. वाटपाचा निर्णय तेथल्या तेथे घेतला, तर पॅकेट बाहेरच्या कार्यक्रमापर्यंत नेण्याचा व परत आणण्याचा वेळ वाचतो. या हेतूने चीनमधील चांगशा येथे वेन्सॉंग झांग यांनी मे १९९८ मध्ये लिनक्स या प्रणालीसाठी वाटपाची योजना हाती घेतली. तिच्यातून आयपीव्हीएस नावाचा भाग निर्माण झाला आणि पुढे तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी नेटफिल्टर ही व्यवस्था उभारली. जानेवारी २००१ मधील लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली. नेटफिल्टरमध्ये जोडण्यांचा मागोवा ठेवणारी स्वतःची वही आहे आणि आयपीव्हीएसचीही वेगळी वही आहे. एकाच मेजावर दोन वह्या असल्याने काय घोटाळा होतो, ते पुढे येईलच.

पत्त्याची अदलाबदल

समजा, १९८.५१.१००.७ या पत्त्यावरील विद्यार्थ्याने आपल्या ४०,००० क्रमांकाच्या पोर्टातून २०३.०.११३.१० या जाहीर पत्त्याच्या ८० क्रमांकाच्या पोर्टाकडे विनंती पाठवली. (हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते कोणाच्या मालकीचे नाहीत.) वाटपयंत्र आतील एक सर्व्हर निवडते, समजा १९२.१६८.१.३. मग ते पॅकेटवरील घेणाऱ्याचा पत्ता खोडून तेथे या सर्व्हरचा पत्ता घालते आणि वहीत एक ओळ लिहिते. उत्तर परत येते तेव्हा त्यावर पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.३ असते. ते तसेच बाहेर गेले, तर विद्यार्थ्याचा संगणक ते स्वीकारणार नाही, कारण त्याने पत्र लिहिले होते दुसऱ्यालाच. यास्तव वाटपयंत्र वही पाहून तो पत्ता पुन्हा २०३.०.११३.१० असा करते. कचेरीचा शिक्का मारणे म्हणतात ते हेच.

पत्ते बदलण्याची ही युक्ती भारवाटपासाठी निघालेली नव्हती. ३२ बिटांतून ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते निघतात, ते संपू लागतील अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी तिची रूपरेषा प्रसिद्ध केली. एका जाहीर पत्त्याआड अनेक खासगी यंत्रे ठेवावीत, असा तिचा आशय होता. पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला, तोवर ही युक्ती घरोघर पोहोचली होती. तेथे आतल्यांना बाहेर जायचे असते, येथे बाहेरच्यांना आत यायचे असते. दिशा उलटी, वही तीच.

इंग्रजीत या क्रियेला भाषांतराचाच शब्द लावतात. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसास त्याचे थोडे हसू येते, कारण आम्ही सगळे शब्द बदलून अर्थ राखण्याची धडपड करतो आणि येथे तर मजकुराच्या एकाही अक्षरास हात न लावता केवळ पाकिटावरचा पत्ता बदलायचा असतो. परंतु हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही.

पॅकेट वाटेत बिघडले तर ते ओळखता यावे म्हणून त्यात एक ताळ्याचा अंक घातलेला असतो. आपल्याकडे हिशेब तपासताना नवांचा ताळा पाहत असत, त्याचाच हा मोठा भाऊ. ५,८१२ या संख्येतील अंकांची बेरीज १६ आणि १६ ची पुन्हा ७. म्हणजे ९ ने भागून उरणारी बाकी ७. आता त्या संख्येतील ८ बदलून ३ केले, तर सारी बेरीज पुन्हा करण्याचे कारण नाही. अंक ५ ने घटला, म्हणून ताळाही ५ ने घटून २ झाला. प्रत्यक्ष पाहा: ५, ३, १ व २ यांची बेरीज ११ आणि ११ ची २. पॅकेटमध्ये हीच रीत १६ बिटांच्या गटांवर चालते. बेरीज १६ बिटांबाहेर गेली की हातचा पुन्हा उजवीकडे मिळवतात. त्यामुळे ९ च्या जागी ६५,५३५ हा भाजक येतो. शेवटी त्या बेरजेतील प्रत्येक बिट उलटे करून लिहितात.

टीसीपीच्या ताळ्यात पत्तेही धरलेले असल्यामुळे पत्ता बदलला की दोन ठिकाणचे ताळे चुकतात, पॅकेटच्या मस्तकातील आणि टीसीपीचा. शेकडो बाइटांचा मजकूर दर वेळी नव्याने बेरजेस घेणे वाटपयंत्रास परवडणारे नाही. म्हणून ते वरच्या उदाहरणाप्रमाणे फक्त फरक मिळवते किंवा वजा करते. याची १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली रीत एका ठिकाणी चुकत असे. या अंकगणितात शून्याची दोन रूपे आहेत: सारी बिटे शून्य आणि सारी बिटे एक. नवांच्या ताळ्यात ० आणि ९ समान मानतात, तसेच हे. कोणते रूप केव्हा लिहावे यात गफलत होई. ती मे १९९४ मध्ये दुरुस्त करण्यात आली.

आणि मजकुराला हात लागतच नाही असेही नाही. फाइल पाठवण्याची एफटीपी नावाची जुनी नियमावली आहे. तिच्या एका आज्ञेत पाठवणारा स्वतःचा पत्ता मजकुरातच लिहितो, तोही साध्या अक्षरांकांत व स्वल्पविराम देऊन: “या पत्त्यावर, या पोर्टात मला दुसरी जोडणी कर.” पाकिटावरचा पत्ता बदलला आणि आतील पत्रात जुनाच राहिला, तर फाइल कधीच पोहोचत नाही. म्हणून अशा वेळी वाटपयंत्रास पत्र फोडून आतील पत्ताही बदलावा लागतो. १०,०,०,५ या आठ अक्षरांच्या जागी २०३,०,११३,१० ही बारा अक्षरे आली की मजकूर चार अक्षरांनी लांबतो. टीसीपी प्रत्येक बाइटास क्रमांक देत असल्याने त्यानंतरच्या सर्व पॅकेटांचे क्रमांक चारने पुढे सरकवावे लागतात आणि उलट दिशेने येणाऱ्या पोचेचे क्रमांक चारने मागे आणावे लागतात. हे जोडणी संपेपर्यंत चालते. हा चारचा फरकही वहीतच लिहून ठेवावा लागतो. आमच्या मते पाकिटावरचा पत्ता पत्राच्या आत लिहिणे हा मूळ नियमावलीतील दोष होय. अर्थात् ती रचली गेली तेव्हा वाटेत कोणी पत्ता बदलील, ही कल्पनाच नव्हती.

विसरण्याची मुदत

वहीत नोंद केव्हा करावी हे स्पष्ट आहे: विनंतीचे पॅकेट आले की. ती खोडावी केव्हा? दोन्ही बाजूंनी रीतसर निरोप घेतला तर प्रश्न नाही. पण संगणक बंद पडतात, तारा तुटतात, माणसे खिसे चाचपत निघून जातात. निरोपाविना संपलेल्या जोडण्यांच्या ओळी साठत राहिल्या, तर वही कधी रिकामी होणार नाही. म्हणून प्रत्येक ओळीस मुदत असते. जोडणी चालू असूनही अमुक काळ एकही पॅकेट आले नाही, तर ओळ खोडली जाते. आयपीव्हीएसमध्ये ही मुदत ठरवून दिलेली नसेल तर १५ मिनिटे असते. नेटफिल्टरच्या वहीत ती ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस असते.

या आकड्यांचे व्यवहारात काय होते ते पाहू. एका ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवरील संगणक आयपीव्हीएसच्या मार्गे मध्यवर्ती नोंदणीच्या सर्व्हरशी जोडलेला आहे. दुपारी अर्धा तास खिडकी बंद राहते. जोडणी कोणी तोडलेली नाही, ग्रंथालयाच्या संगणकास ती चालू वाटते, सर्व्हरलाही चालूच वाटते. मात्र मधल्या वाटपयंत्राने पंधराव्या मिनिटास ती विसरून टाकली. सुट्टीनंतर पहिले पुस्तक नोंदवताच पॅकेट वाटपयंत्राकडे येते. वहीत ओळ नाही आणि पॅकेट तर विनंतीचे नाही, मधल्याच संभाषणाचे आहे. ते कोणत्याही सर्व्हरकडे देता येत नाही. पत्ता वाटपयंत्राचाच असल्यामुळे त्याचा गाभा उत्तर देतो की अशी कोणतीही जोडणी येथे नाही. खिडकीवर त्रुटीचा संदेश उमटतो. सर्व्हर मात्र बिचारा अजूनही वाट पाहत असतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेले नाही.

निष्क्रिय जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी टीसीपीत अधूनमधून रिकामे पॅकेट पाठवण्याची सोय आहे. लिनक्समध्ये ती सुरू केली तरी पहिले पॅकेट पाठवण्यापूर्वी, वेगळे सांगितले नसल्यास, दोन तास वाट पाहिली जाते. पंधरा मिनिटांत विसरणाऱ्यास दोन तासांनी हाक मारून उपयोग काय? दोन्ही आकडे आपापल्या जागी समंजस आहेत, पण एकत्र आले की निरुपयोगी ठरतात. कुबरनेटिस या व्यवस्थेने २०१८ साली आयपीव्हीएसचा मार्ग सर्वसाधारण वापरास खुला केला, तेव्हा पुष्कळांना हा अनुभव आला. उपाय साधा आहे. हाक दहा मिनिटांनी मारावी किंवा विसरण्याची मुदत वाढवावी. दुसऱ्या उपायाने वही फुगते, हे ध्यानात ठेवावे.

दोन वह्यांचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. नेटफिल्टरची वही वापरायची नसेल तर आयपीव्हीएस तिला बाजूस ठेवू शकते आणि त्यात वेगही वाढतो. परंतु पत्त्यांचे काही फेरफार नेटफिल्टरकडे सोपवलेले असतील, तर दोन्ही वह्या चालू ठेवाव्या लागतात. आता एखाद्या ग्राहकाने नुकत्याच संपलेल्या जोडणीचा पोर्ट क्रमांक लगेच पुन्हा वापरला, तर आयपीव्हीएस ही नवी जोडणी समजून दुसरा सर्व्हर निवडू पाहते. नेटफिल्टरच्या वहीत मात्र जुन्या सर्व्हरचीच ओळ असते. तिची विल्हेवाट लावण्यासाठी ते पॅकेट टाकून दिले जाई आणि ग्राहक एक सेकंद थांबून विनंती पुन्हा पाठवी. एक सेकंद हा माणसाच्या लेखी नगण्य काळ, परंतु एका विनंतीतून अनेक जोडण्या निघतात तेथे तो फार होतो. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत हा अडथळा पुष्कळसा दूर झाला.

येथवर उत्तरेही वाटपयंत्रामार्गेच परत जातात असे धरले होते. झांग यांच्या योजनेत आणखी दोन मार्ग होते. त्यांपैकी एकात पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून दूरच्या सर्व्हरकडे पाठवतात. दुसरा अधिक मनोरंजक आहे. त्यात जाहीर पत्ता सर्व सर्व्हरांनाही दिलेला असतो. मात्र या पत्त्याचा धनी कोण, अशी हाक जाळ्यात उठली की त्यांनी मौन पाळायचे आणि फक्त वाटपयंत्राने ओ द्यायची. वाटपयंत्र पत्ता बदलत नाही, ताळा बदलत नाही. ते पॅकेट आहे तसे निवडलेल्या सर्व्हरच्या तारेवर सोडून देते. सर्व्हर उत्तर थेट ग्राहकाकडे धाडतो. विनंत्या सहसा लहान आणि उत्तरे मोठी असल्याने वाटपयंत्राचे श्रम फार कमी होतात. पण आता कारकुनास संभाषणाची एकच बाजू ऐकू येते, जणू शेजारच्या खोलीत कोणी दूरध्वनीवर बोलत असावे. सर्व्हरने संमती दिली का, निरोप घेतला का, हे त्याला दिसत नाही. ग्राहकाच्या पॅकेटांवरून त्याने अंदाज बांधायचा. आयपीव्हीएसमध्ये या एकतर्फी ऐकण्यासाठी जोडणीच्या अवस्थांचे वेगळे कोष्टक ठेवले आहे. अंदाज चुकला, तर शेवटी मुदतीवरच भिस्त.

वही भरली तर

सुरुवातीच्या काळातील हिशेबाप्रमाणे आयपीव्हीएसच्या एका ओळीस १२८ बाइट लागत. म्हणजे दहा लाख जोडण्यांस सुमारे १२८ मेगाबाइट. स्मृती आज स्वस्त आहे, तरी वहीस सीमा असतेच. ती मुद्दाम भरून टाकणारे लोकही असतात. विनंतीची पॅकेटे खोट्या पत्त्यांवरून सतत पाठवावयाची आणि तिसरे, पोचेचे पॅकेट कधीच पाठवावयाचे नाही. प्रत्येक विनंतीस एक ओळ खर्ची पडते. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या सेवाकंपनीवर असाच हल्ला झाला आणि तिच्या ग्राहकांची सेवा काही दिवस विस्कळीत झाली. नेटफिल्टरची वही भरली, तर वहीत आधीपासून असलेल्या जोडण्या चालू राहतात, पण नव्याने येणाऱ्या प्रामाणिक माणसास दार बंद होते. आयपीव्हीएसमध्ये अशा प्रसंगी वापरावयाचा एक कठोर उपाय आहे. दर सेकंदाला वहीचा बत्तिसावा भाग चाळून अर्धवट राहिलेल्या ओळींवर यदृच्छेने काट मारत जायचे.

दुसरा विचार असा की मुळात लिहावेच कमी. डी. जे. बर्न्स्टाइन यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या युक्तीत सर्व्हर विनंतीची नोंदच करत नाही. संमतीच्या पॅकेटात आरंभक्रमांक घालावाच लागतो, तो पत्ते, पोर्ट, वेळ व एक गुप्त अंक यांवरून काढतो. ग्राहक खरा असेल, तर त्याच्या पोचेत तो क्रमांक परत येतो आणि सर्व्हर गणित पडताळून पाहतो. वही जणू पत्रलेखकाच्याच खिशात ठेवली.

भारवाटपातही हा विचार आला. जोडणीच्या पाच गोष्टींवरून गणिताने एक मोठी संख्या काढावी, तिला सर्व्हरांच्या संख्येने भागावे आणि बाकी येईल तो सर्व्हर निवडावा. त्याच जोडणीस दर वेळी तीच बाकी येणार, मग वही कशास हवी? अडचण तेव्हा येते, जेव्हा पाचांपैकी एक सर्व्हर बिघडतो आणि भाजक ४ होतो. ० ते १९ या वीस संख्या घेऊन पाहा. ५ ने व ४ ने भागून सारखीच बाकी उरते अशा त्यांत फक्त चार आहेत. म्हणजे एक सर्व्हर गेला आणि वीसांपैकी सोळा संभाषणे भलत्याच्या हाती पडली. गुगल कंपनी २००८ पासून वापरत असलेल्या मॅग्लेव्ह या वाटपयंत्राचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात यावर उपाय आहे. ६५,५३७ घरांचे एक कोष्टक घेतात. ही संख्या मूळसंख्या आहे. प्रत्येक सर्व्हरला घरांचा स्वतःचा पसंतीक्रम असतो आणि सर्व सर्व्हर पाळीपाळीने आपल्या पसंतीचे पुढचे रिकामे घर घेतात. एक सर्व्हर गळाला, तर त्याची घरे इतरांत वाटली जातात आणि बाकीची बहुतेक घरे जागच्या जागी राहतात. शिवाय शेजारी उभी असलेली अनेक वाटपयंत्रे एकमेकांस न विचारता तेच कोष्टक तयार करतात. त्यामुळे एक वाटपयंत्र बंद पडून त्याची वही नष्ट झाली, तरी दुसरे बहुतेक पॅकेटे योग्य सर्व्हरकडेच पाठवते.

लिनक्सच्या आयपीव्हीएसमध्ये ही पद्धत २०१८ मधील ४.१८ आवृत्तीत आली. तिच्यात “बहुतेक” हा शब्द मात्र राहतोच: सर्व्हर गेला वा नवा आला की थोडी घरे इतरांचीही हलतात. त्या थोड्या जोडण्या तुटू नयेत म्हणून मॅग्लेव्हची यंत्रेही गणिताच्या जोडीला आपापली वही ठेवतात.